टोपली जागेवर आहे

भाऊ, तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि तेवढ्यात लोकांनी तुमचा वाघ करून टाकला आहे. तालुक्याच्या चौकात मोठा फ्लेक्स लागलाय, 'जंगलाचा वाघ हरपला'. त्यावर बोट वर केलेला तुमचा फोटो आणि मागं एक खरा वाघ. माझा भाचा मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवतो, तो म्हणाला, मावशी, हा वाघ आमच्याकडचा आहे, मी याला ओळखतो. तुमच्या शेजारी उभं करताना त्या वाघाला कुणी विचारलं नाही आणि तुम्हालाही नाही. आमच्या गावच्या सोमाचा बैल वाघानं नेला तेव्हा भरपाईचा अर्ज तुम्ही सांगितलात आणि मी लिहिला होता, हे त्या फ्लेक्सवाल्याला कोण सांगणार?

आणि तो फोटो कधीचा आहे ते मला माहीत आहे. समाजमंदिराचा पत्रा कुठून गळतो ते तुम्ही दाखवत होता. आता सगळे म्हणतात, भाऊ सरकारला जाब विचारतायत.

मी रडले नाही असं नाही. पण या एकोणीस दिवसांत रडण्यापेक्षा चिडण्यात माझा जास्त वेळ गेला. आधी तुमच्यावरच चिडले. डॉक्टरनं रोजची म्हणून दिलेली गोळी तुम्ही फक्त बैठकीच्या दिवशी घ्यायचात. फोन कायम बंद. 'चार्जिंग कुठी करू' म्हणायचात आणि जिथं जेवायला बसायचात तिथं विजेचा बोर्ड डोळ्यांसमोर असायचा. इतक्या वर्षांचे कागद सिमेंटच्या दोन पोत्यांत भरून ठेवून गेलात. त्यातलं एक पोतं उंदरांनी वाचून संपवलंय. दुसरं माझ्या घरात आहे. ते उघडलं की तुमच्या बिडीचा वास येतो, म्हणून मी ते दोन दिवस उघडलं नाही.

तालुक्याला शोकसभा झाली. मला 'भाऊंच्या जुन्या सहकारी' म्हणून दोन मिनिटं दिली, ती आधीच्या पाहुण्यानं खाल्ली. तो म्हणाला, भाऊंनी मुक्या आदिवासींना आवाज दिला. मी पहिल्या रांगेत बसले होते. भाऊ, आम्ही मुके कधी होतो? आमच्या टोल्यावर, या वस्तीत, दोन बाया भांडायला लागल्या की नाल्यापलीकडच्या गावाला कळतं. तुम्ही आवाज दिला नाहीत. तुम्ही पेन दिलंत, तेही आधी माझ्या हातात कोंबलंत आणि मग अक्षर वाईट म्हणून रागावलात.

आपली पहिली भेट मला आठवते, कारण तेव्हाही तुम्ही मला वैताग दिला होता. मी आश्रमशाळेतून दहावी नापास होऊन घरी आले होते. माझ्या बाबाची कुऱ्हाड वनखात्याच्या नाक्यावरच्या गार्डानं हिसकून नेली होती. घरात एकच कुऱ्हाड. तुम्ही भद्रावतीच्या कारखान्याच्या कॉलनीत वाढलेले, पायात बूट, खांद्याला शबनम, कुठून तरी कळलं म्हणून आमच्या अंगणात येऊन उभे राहिलात. म्हणालात, 'चाल, आणू.' बाबा म्हणाला, साहेबाच्या पाया पडावं लागन. तुम्ही म्हणालात, 'पाया नाई पडाचं. इचाराचं. कोन्त्या कायद्यानं नेली, ते लिहून द्या म्हणाचं.'

मग रेंज ऑफिसात आपण जमिनीवर बसलो. साहेबानं खुर्ची दिली, तुम्ही घेतली नाही. दोन दिवस बसलो. साहेब जेवायला जाऊन आला, झोप काढून आला, तुम्ही तेच वाक्य परत म्हणत होता, आवाज न चढवता, 'लिहून द्या.' दुसऱ्या दिवशी दुपारी कुऱ्हाड परत मिळाली, कारण ती का नेली हे लिहायला त्या ऑफिसात कुणाला जमेना. परत येताना बाबा हसत होता. मी त्याला तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या हसण्याचं ऋण मी कधी बोलून दाखवलं नाही, कारण त्याच संध्याकाळी तुम्ही मला म्हणालात, 'दहावीचा फॉर्म भर, नाईतर मी इथून जात नाई,' आणि खरंच गेला नाहीत.

तुमच्यामुळं मी पुढं गावच्या ग्रामसभेची सचिव झाले. माझ्या पहिल्या अर्जात मी 'विनंती' लिहिलं होतं. तुम्ही ते खोडलंत. 'कृपया' होतं, तेही खोडलंत. मी म्हणाले, मग राहिलं काय अर्जात? तुम्ही म्हणालात, 'कळवण्यात येते की. आपण मागून नाई राह्यलो लता, सांगून राह्यलो.' आता तुमच्या नावानं कलेक्टरकडे निवेदन गेलंय, त्यात सात वेळा 'नम्र विनंती' आहे. मी मोजलं.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले ते वेगळंच आहे.

तुम्ही गेल्यावर बाराव्या दिवशी विलास गावात आला. तुमचा विलास, जो कॉलेज सोडून तुमच्या मागं फिरायचा आणि आता पक्षाचा तालुक्याचा पदाधिकारी आहे. पांढरी गाडी, पांढरा शर्ट. येऊन माझ्या ओट्यावर बसला आणि खरंच रडला, त्याबद्दल मी त्याला काही म्हणणार नाही. मग डोळे पुसून त्यानं प्लास्टिकच्या फायलीतून एक टाइप केलेला कागद काढला. ग्रामसभा ज्या मोहाखाली बसते तिथं तुमचं स्मारक. अर्धपुतळा, सभोवती सिमेंटचे गट्टू, लोखंडी कठडा, समोर बाग. खाली लिहिलेलं, 'सदर ठराव सर्वानुमते मंजूर.' बैठक व्हायची होती, आणि सर्वानुमते आधीच टाइप होऊन आलं होतं.

'ताई, फक्त सह्या घेऊन ठेवा,' तो म्हणाला. 'पोट्ट्यांले गाडीवर पाठवा, घरोघरी होऊन जाते. आजकाल सगळीकडे तसंच करून राह्यले.'

आणि तो खोटं बोलत नव्हता, हेच दुखणं आहे. आजूबाजूच्या गावांत आता ग्रामसभा मोटारसायकलवर फिरते. कागद दारात येतो, माणूस अंगठा देतो, एक फोटो काढून सरकारी साइटवर चढवला की झाली सभा. सामूहिक वनहक्काचा तो कागद, ज्याच्यासाठी तुम्ही आमच्यासोबत तुरुंगात गेलात, तो लॅमिनेशन करून भिंतीवर लावलाय, आणि त्याच्याखाली बसायला कुणाला वेळ नाही. तुमची शिकवण काय, असं तो पाहुणा शोकसभेत विचारत होता आणि स्वतःच सांगत होता, संघर्ष, त्याग, असं काय काय. तुमची शिकवण एवढीच होती, की हात वर करून मोजायचं नाही आणि एकाचं जरी 'नाही' असलं तरी उठायचं नाही. त्यात त्याग वगैरे काही नाही, फक्त मांड्या दुखतात.

मी विलासला म्हणाले, बैठक होईल. मोहाखालीच होईल.

बैठकीला झाडून सगळे आले. तुमच्या स्मारकाला नाही कोण म्हणणार? विलासनं कागद वाचला, लोकांनी माना हलवल्या. रैनीबाई तिच्या ठरलेल्या जागी बसली होती, पूर्वेकडच्या मुळीपाशी. आता तिचं वाकून धनुष्य झालंय आणि डोळ्यांना नीट दिसत नाही. थोड्या वेळानं ती उठली, बांबूची टोपली बसल्या जागी ठेवली आणि काठी टेकत घरी गेली.

आमच्या गावची ही रीत तुम्ही आणलेली नाही, तुमच्या आधीची आहे. बैठकीतून कुणाला मधेच उठावं लागलं आणि त्याचं 'नाही' शिल्लक असलं, तर तो आपली वस्तू जागेवर ठेवून जातो. बाई टोपली ठेवते, बाप्या कुऱ्हाड नाहीतर दुपट्टा. वस्तू जागेवर आहे तोवर माणूस तिथं बसलेलाच धरायचा. पटलं की तो येऊन वस्तू उचलतो. तोवर ठराव नाही.

विलास म्हणाला, 'बाई टोपली इसरून गेली वाटते,' आणि उचलायला वाकला.

तेच वाक्य, भाऊ. तुमचंच. माझ्या हातातलं पेन तिथंच थांबलं.

ज्या वर्षी हक्काचा कागद हाती आला त्या वर्षाची पहिली बांबूतोड तुम्हाला आठवत असेल. नसेल असं म्हणायची तुमची बिशाद नाही. गाव पहिल्यांदाच आपला बांबू आपण विकणार होतं. चंद्रपूरचा व्यापारी ट्रक घेऊन नाक्यावर उभा होता, आज सांगा नाहीतर जातो म्हणत होता. ऑफिसातले लोक टपून होते, की यांना जमत नाही हे कधी एकदा दिसतं. आणि रैनीबाई तीन दिवस एकच सांगत होती, नाल्याकाठची बांबूची बेटं तोडू नका, बाकी सगळं तोडा. पावसाळ्यात बाया तिथं वास्ते काढतात, कोवळे कोंब, त्याच भाजीवर श्रावण निघतो. आणि बेटं गेली तर नाल्याचं पाणी टिकणार नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती शेळ्या सोडायला उठली आणि टोपली ठेवून गेली. तुम्ही त्या टोपलीकडे पाहिलंत. मग नाक्याकडे पाहिलंत. म्हणालात, 'बाई टोपली इसरून गेली,' आणि ती उचलून झाडाला टेकवून ठेवलीत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, 'लिही लता. सर्वानुमते.'

मी लिहिलं. मला माहीत होतं आणि मी लिहिलं. बैठकीत साठेक माणसं होती, त्या सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही उचललीत म्हणून कुणी बोललं नाही. दुसऱ्या कुणी उचलली असती तर तुम्हीच पहिले ओरडला असता.

नाल्याकाठची बेटं तोडली गेली, तीही बुडापासून. पुढच्या पावसाळ्यात तिथं वास्ते आले नाहीत. होळीपर्यंत टिकणारा नाला संक्रांतीला कोरडा पडायला लागला. रैनीबाई एक शब्द बोलली नाही. बैठकीला येत राहिली, त्याच मुळीपाशी बसत राहिली.

टोपलीवरून आपलं भांडण झालं ते त्या पावसाळ्याच्याही आधी, मार्कंड्याच्या जत्रेत. वैनगंगेच्या वाळूत आपण पत्रकं वाटत होतो, तुम्ही देवळात न जाणारे, पण जिलेबीसाठी तिसऱ्यांदा रांगेत लागला होता. मी सरळ विचारलं, टोपली तुम्ही मुद्दाम उचलली का? तुम्ही म्हणालात, 'मले खरंच वाटलं इसरून गेली.' मी म्हणाले, खोटं. तुम्ही म्हणालात, 'अन् तुले माहीत होतं तं तू काऊन लिहिलं?' मी म्हणाले, तुम्ही सांगितलं म्हणून. तुम्ही जिलेबीचा कागद माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, 'लताबाई, मी सांगतलं म्हणून लिहाचं असन, तं मंग मी इतके वर्षं काय केलं?' आणि वाळूतून चालते झालात. रागावलात की मला लताबाई म्हणायचात. त्यानंतर तो विषय आपल्यात कधी निघाला नाही. मी ठरवून टाकलं होतं, की तुम्ही खोटं बोललात आणि वर मलाच दोष दिलात. इतकी वर्षं तुमच्यासोबत काम केलं, भाऊ, तुमची भाकर थापली, तुमचे अर्ज लिहिले, आणि मनात हा खडा तसाच ठेवला.

म्हणून विलासला मी म्हणाले, 'हात नका लावू त्याले.'

तो चिडला. 'ताई, भाऊचं स्मारक, अन् ते भाऊच्याच गावात अडून राह्यलं? एका म्हातारीसाठी? लोकं काय म्हणतीन?'

मी रजिस्टर मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रैनीबाईच्या अंगणात गेले. ती मोहाची फुलं वाळत घालत होती, हातानं चाचपून कचरा वेचत होती. मी खाली बसले. विचारलं, बाई, भाऊचं स्मारक नको का तुले?

ती अर्धं गोंडीत, अर्धं मराठीत बोलते. तुम्ही शेवटपर्यंत गोंडी धड शिकला नाहीत, म्हणून मराठीतच लिहिते. म्हणाली, 'ते बसाची जागा होय. तिथं त्याले उभं कराल, कठडा लावाल, तं आमी बसाचं कुठी?'

मला वाटलं एवढंच. उठायला लागले तर तिनं माझा हात धरला.

'अन् त्यानं सांगतलं का बैठकीत?'

काय सांगितलं, मी विचारलं.

'टोपलीचं. माह्यापाशी आलता तो. त्याच पावसात आलता, पहिल्याच. म्हणे, बाई, टोपली म्याच उचलली, मले माहीत होतं. मी म्हणलं, मले काऊन सांगतं? मले तं माहीतच हाय. बैठकीत सांग. म्हणे, सांगतो.' तिनं एक खडा बाजूला टाकला. 'मंग दरसाल येऊन बसे पावसात. मी इचारू, सांगतलं का? तो म्हणे, औंदा सांगतो. चहा पिऊन जाय. आता मेला. आता त्याचा पुतळा सांगन का?'

भाऊ, मी तिथं रडले. दुःखानं रडले असते तर बरं झालं असतं, मी संतापानं रडले. रेंजरपुढं, कलेक्टरपुढं, पोलिसांच्या गाडीपुढं तुम्ही न घाबरता बोललात. तुरुंगातून सुटून आलात तेव्हा फाटकातच भाषण ठोकलंत. आणि जी माणसं तुमच्यासाठी जीव द्यायला तयार होती, त्यांच्यापुढं एक वाक्य तुम्हाला इतक्या पावसाळ्यांत बोलता आलं नाही? कशाची भीती वाटली? आम्ही काय केलं असतं? हसलो असतो, चार शिव्या दिल्या असत्या आणि जेवायला वाढलं असतं. आणि मला तरी सांगायचं. मार्कंड्याच्या वाळूत माझ्याशी खोटं बोललात आणि त्याच वर्षी त्या म्हातारीजवळ खरं बोलून मोकळे झालात, अर्धेच मोकळे. माझ्या मनातला खडा तेवढा तुम्ही तसाच राहू दिलात.

मग घरी येऊन दोन दिवसांनी पोतं उघडलं. ग्रामसभेचं जुनं रजिस्टर वरच होतं, उंदरांना ते आवडलं नसावं. ते पान उघडलं तेव्हा कळलं, त्यावर सही तुमची नाहीच. तुम्ही गावचे मतदार नव्हता, सही करायचा तुम्हाला हक्कच नव्हता. अक्षर माझं आहे आणि खाली सही माझी आहे. तुमच्यावर ओरडून झाल्यावर हे दिसलं. म्हणजे जे बैठकीत सांगायचं होतं, त्यातलं निम्मं पहिल्यापासून माझ्या वाटणीचं होतं, आणि मलाही इतक्या पावसाळ्यांत ते सांगता आलं नव्हतं.

विलासला फोन करून सांगितलं, परवा बैठक. बैठकीत काय सांगणार, असं त्यानं विचारलं, मी खरं ते सांगितलं. तो घाबरला. 'ताई, आत्ता नाई. तेरवी होऊन आठ दिवस नाई झाले. भाऊचं नाव खराब होते.' मी म्हणाले, चौकातल्या फ्लेक्सनं होतंय त्यापेक्षा कमीच होईल. पण खरं तर रात्रभर मलाही तीच धास्ती होती. तुमच्या फोटोला लोक हळदकुंकू लावायला लागलेत, भाऊ. त्यांच्यापुढं उभं राहून हे सांगायचं होतं.

काल बैठक झाली. टोपली तिथंच होती, पाच दिवस कुणी हात लावला नव्हता, शेळ्याही हाकलत होती पोरं. मी जुनं पान वाचलं. मग म्हणाले, यात सर्वानुमते लिहिलंय ते खोटं आहे. रैनीबाईची टोपली जागेवर होती. भाऊनं ती उचलली, त्याला माहीत होतं. मला माहीत होतं आणि मी लिहिलं. दोघंही चुकलो. भाऊ सांगणार होता, राहून गेलं.

सोमा जमिनीकडे बघत म्हणाला, 'आमालेबी माहीत होतं ना वो.' मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. बायांमधली एक रडायला लागली. विलास मागं उभा होता, तो हळूच खाली बसला, पांढऱ्या पँटसकट मातीत. मी सगळ्यांसमोर 'सर्वानुमते'वर काट मारली, शेजारी 'एक "नाही" होते, रैनीबाईचे' असं लिहिलं आणि सही केली.

रैनीबाईनं विचारलं, 'लिवलं का?'

लिहिलं, म्हणाले.

'मंग ठीक.' ती उठली, चाचपत टोपलीपर्यंत आली आणि टोपली उचलून काखेत घेतली. विलास म्हणाला, म्हणजे बाई, स्मारक होऊ द्यायचं ना? ती म्हणाली, 'इथी नाई. त्याले नाल्यावर ठेवा. पुतळा नको, आपल्यातल्या मेलेल्याचा ठेवतो तसा दगड ठेवा. बसन तिथं, पाणी येते का नाई पाहत.'

लोक हसले. एकोणीस दिवसांत तुमच्या नावावर पहिल्यांदा कुणी हसलं. नंतर बराच वेळ बोलणं चाललं, दगड कुठला, कोण आणणार, नाल्याकाठी बांबूची रोपं लावायची का, विलासनं आणलेल्या फुलांच्या हाराचं काय करायचं. मी एकेकाला नाव घेऊन विचारलं. शेवटी रैनीबाईला विचारलं, तिनं मान हलवली. कुणाचीच वस्तू जागेवर राहिली नव्हती. मी खाली पाहिलं, दोनदा पाहिलं, मग पेन उघडलं.

सर्वानुमते लिहिलंय, भाऊ. या वेळेला खरं आहे. सगळे होते, फक्त तुम्ही नव्हता, आणि याचा मला तुमच्यावर आलेला राग काही केल्या जात नाही.